अनुरूप भाजन : जैवविघटनशील वेष्टने आणि त्यांतील वनस्पतिद्रव्ये

काही वर्षांपूर्वीची श्रावणातील गोष्ट आहे. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील एका गावाहून आमचे एक जुने रुग्ण चिकित्सालयात आले. वय सत्तरीच्या पुढे, अग्निमांद्य व आध्मान ही जुनी तक्रार. त्यांनी बंडीच्या खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "डॉक्टर साहेब, ह्याचा तर खडा झालाय. आठ दिवस झाले, घेणं सोडून दिलंय."

पाकिटातील लवणभास्कर चूर्णाचा खरोखरच खडा झाला होता. चमच्याने मोजून घेणे शक्यच नव्हते. वास घेऊन पाहिला तर लवंगेचा उग्र गंध आला. लवणभास्कराच्या पाठात लवंग नाही. हा गंध पाकिटाचा होता.

त्या वर्षी पावसाळ्यापूर्वी एका फिरत्या विक्रेत्याने ही पाकिटे आम्हांस दिली होती. "हे प्लास्टिक नव्हे, मक्याच्या पिठूळाचे आहे, मातीत विरघळते, शिवाय यात लवंग व हळदीचा अर्क आहे, त्यामुळे औषधाला बुरशी धरत नाही," असे त्याने सांगितले. २०१८ साली राज्यात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाल्यापासून रुग्णही पिशव्यांविषयी विचारू लागले होते. गावातील जनावरांच्या पोटातून निघणाऱ्या पिशव्यांचे गोळे आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यात पुन्हा आपल्याच निघंटूतील द्रव्ये! आम्ही कोणतीही परीक्षा न करता सर्व चूर्णे त्या पाकिटांत भरली. चूक आमची होती. त्या चुकीनंतर या विषयाचा जो अभ्यास घडला, तो व्यवसायबंधूंपुढे व औषधालयचालकांपुढे ठेवावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शब्दांतील भेद

बाजारात चार शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. त्यांचे अर्थ मात्र भिन्न आहेत.

'जैवाधारित' म्हणजे ज्याचा कच्चा माल वनस्पतीपासून आला आहे असे. हा शब्द उत्पत्ती सांगतो, शेवट सांगत नाही. उसाच्या मद्यार्कापासून पॉलिथिन बनविता येते, आणि ते खनिज तेलापासून बनविलेल्या पॉलिथिनइतकेच न कुजणारे असते. उलट पीबीएटी नावाचा बहुलक मुख्यत्वे खनिज तेलापासून बनतो, परंतु सूक्ष्मजंतू त्याचे विघटन करू शकतात.

'जैवविघटनशील' म्हणजे सूक्ष्मजंतूंच्या क्रियेने ज्याचे पाणी, कर्बवायू व जैवभार यांत रूपांतर होते असे. मात्र कोठे, किती उष्णतेत व किती काळात, हे या शब्दातून कळत नाही.

'कंपोस्टयोग्य' हा शब्द त्याहून नेमका आहे. आयएस/आयएसओ १७०८८ या मानकानुसार सेंद्रिय कर्बाचा किमान ९० टक्के भाग १८० दिवसांच्या आत कर्बवायूत रूपांतरित व्हावा लागतो. तसेच १२ आठवड्यांनंतर २ मिलिमीटरच्या चाळणीवर मूळ वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक तुकडे राहू नयेत अशी अट आहे. परंतु ही परीक्षा सुमारे ५८ अंश सेल्सिअस उष्णतेत, ओल व हवा नियंत्रित ठेवून घेतली जाते. आपल्या शेतातील उकिरड्यात एवढी उष्णता सलग काही आठवडे सहसा टिकत नाही.

चौथा शब्द 'ऑक्सो-विघटनशील'. साध्या पॉलिथिनमध्ये धातूंचे क्षार मिसळून ही पिशवी बनवितात. उन्हाने व हवेने ती लवकर ठिसूळ होऊन तिचा भुगा होतो. डोळ्यांना पिशवी नाहीशी झाल्यासारखी दिसते, प्रत्यक्षात ती बारीक कणांच्या रूपाने मातीत राहते. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशान्वये जुलै २०२१ पासून अशा वस्तू बाजारात आणण्यास मनाई केली.

आम्ही उरलेली पाकिटे आमच्या मळ्यातील उकिरड्यात पुरून पाहिली. पुढील उन्हाळ्यात खत काढताना ती मऊ पडलेली व फाटलेली सापडली, पण तुकडे हाताने वेचता येत होते. तात्पर्य, 'मातीत विरघळते' हे विधान पूर्ण असत्य नव्हते. कोणत्या मातीत, हे सांगावयाचे राहिले होते.

ही फिल्म कशाची बनते?

जैवविघटनशील फिल्मचे तीन मुख्य वर्ग सांगता येतील. पहिला वर्ग निसर्गात तयार मिळणाऱ्या बहुलकांचा : मका, साबुदाणा, बटाटा यांचे पिठूळ, कागदाचा मूळ घटक असलेले सेल्युलोज, समुद्री शेवाळातील अल्जिनेट, दुधातील केसिन, कोळंबी व खेकड्यांच्या कवचापासून मिळणारे कायटोसान. दुसरा वर्ग, वनस्पतीतील साखर आंबवून मिळविलेल्या घटकांपासून घडविलेल्या बहुलकांचा. यात पॉलिलॅक्टिक अ‍ॅसिड, म्हणजेच पीएलए, प्रमुख. दह्यातील आम्लता ज्या लॅक्टिक आम्लामुळे येते, त्याच्याच साखळीने हे बनते. तिसरा वर्ग वर उल्लेखिलेल्या पीबीएटीसारख्या बहुलकांचा. बाजारातील मऊ कंपोस्टयोग्य पिशव्या बहुधा पीबीएटीत पिठूळ किंवा पीएलए मिसळून केलेल्या असतात.

पीएलएसाठी लागणारी साखर मक्यातून जशी मिळते, तशीच उसातूनही मिळते. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने ऑक्टोबर २०२४ मध्ये जेजुरी येथे जैवबहुलकांचे प्रात्यक्षिक केंद्र सुरू केले. ऊसतोडीसाठी दरवर्षी ज्या जिल्ह्यातून कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडतात, त्या आपल्या बीडला हा विषय परका नाही. उद्या उसाच्या साखरेपासून बनलेली पिशवी आपल्या दुकानात आली तर नवल नाही. म्हणूनच तिचे गुणदोष आजच समजून घेतले पाहिजेत.

सक्रिय वेष्टन आणि आपली द्रव्ये

साधे वेष्टन केवळ आडोसा करते. धूळ, हवा, ओल, कीटक यांना ते बाहेर ठेवते. जे वेष्टन आतील पदार्थावर किंवा त्याच्या भोवतालच्या हवेवर स्वतः काही क्रिया करते, त्यास 'सक्रिय वेष्टन' म्हणतात. ते प्राणवायू शोषून घेते, फळातून निघणारा इथिलीन वायू टिपते, किंवा जंतुरोधक व ऑक्सिडीकरणरोधक द्रव्य हळूहळू सोडते.

कल्पना नवी असली तरी आचरण जुने आहे. धान्याच्या कणगीत कडुलिंबाचा पाला घालणे किंवा हळदीच्या पानात पातोळे वाफविणे ही तिचीच घरगुती रूपे होत. जपानमध्ये वासाबी व मोहरीतील तीक्ष्ण उडनशील द्रव्य सोडणारे पापुद्रे 'वासाऊरो' या नावाने विकले जातात व डब्यातील अन्नावर ठेवले जातात.

फिल्ममध्ये मिसळण्यासाठी ज्या द्रव्यांवर जगभर काम चालू आहे, त्यांची यादी वाचली की आपल्याच औषधालयाचे कपाट उघडल्यासारखे वाटते. लवंगेतील युजेनॉल, दालचिनीच्या सालीतील सिनॅमाल्डिहाइड, ओव्यातील थायमॉल, लसणातील गंधकयुक्त द्रव्ये, हळदीतील कर्क्युमिन, डाळिंबाच्या सालीतील कषाय द्रव्ये, ही त्यांतील काही. युजेनॉल, थायमॉल यांसारखी द्रव्ये जंतूंच्या पेशीचे आवरण बिघडवितात. कषाय द्रव्ये व कर्क्युमिन मुख्यत्वे तेलतुपाचे खवट होणे लांबवितात.

हळदीचा आणखी एक उपयोग आपल्या घरातील स्त्रियांना पूर्वापार ठाऊक आहे. हळदीत चुना मिसळला की कुंकवासारखा लाल रंग येतो, कारण क्षाराच्या संपर्कात कर्क्युमिनचा रंग पालटतो. मासे किंवा मांस नासू लागले की त्यातून अमोनियासारखे क्षारधर्मी वायू निघतात. पिवळी फिल्म त्यामुळे तांबूस होते व आतील माल बिघडल्याची सूचना मिळते. अशा फिल्मला सूचक वेष्टन म्हणतात.

परंतु या सर्व प्रकारांत तीन अडचणी आहेत. पहिली उष्णतेची. बहुतेक फिल्म दीडशे अंशांहून अधिक तापमानाला वितळवून फुगवितात किंवा ओढतात. त्यात उडनशील तेलाचा बराच भाग निघून जातो. म्हणून तेल नंतर लेपरूपाने लावणे किंवा चक्राकार शर्करेच्या पोकळीत बांधून मग मिसळणे असे उपाय करतात. दुसरी अडचण मात्रेची. प्रयोगशाळेतील काचपात्रात जी मात्रा जंतूंना रोखते, ती प्रत्यक्ष अन्नात पुरत नाही. खव्यासारख्या स्निग्ध पदार्थात युजेनॉल स्नेहात विरघळते व जंतूंपर्यंत पोहोचणारा अंश कमी होतो. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील कुंथलगिरीच्या खव्याला अशी फिल्म गुंडाळावयाची म्हटली, तर काचपात्रातील आकडा हाती घेऊन चालणार नाही, खव्यावरच परीक्षा करावी लागेल. तिसरी अडचण गंधाची. मात्रा वाढविली की लवंगेचा वास पेढ्याला येतो, आणि फिल्मही मऊ व कमजोर होते.

आमच्या पाकिटात हेच घडले. खड्याला बुरशी लागलेली दिसली नाही. त्या बाबतीत विक्रेत्याचे म्हणणे कदाचित खरेही असेल. पण लवंगेचा अंश चूर्णात उतरला होता. वैद्याने न योजिलेले द्रव्य योगात मिसळले जाणे, ही आपल्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे. पित्तप्रकृतीच्या रुग्णासाठी योजिलेल्या शीतवीर्य चूर्णाला लवंग-दालचिनीचा संस्कार पाकीट परस्पर करू लागले, तर त्याचा हिशेब कोणी ठेवावयाचा?

खडा का झाला?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. फिल्म अखंड होती, तोंड उष्णतेने नीट बंद केले होते, कोठे छिद्र नव्हते. तरीही चूर्णाचा खडा झाला, कारण पाणी द्रवरूपात आत आले नाही, वाफेच्या रूपात फिल्ममधून पाझरले.

कोणतीही प्लास्टिक फिल्म वाफेला पूर्ण अडवीत नाही. पॉलिथिनची साखळी पाण्याला विन्मुख असते, म्हणून तिच्यातून वाफ फार कमी जाते. पिठूळ, सेल्युलोज व कायटोसान यांना पाण्याची ओढ असते. पीएलए या दोहोंच्या मध्ये येतो, तरी सारख्याच जाडीच्या साध्या पॉलिथिनच्या तुलनेत त्यातून सुमारे दहा ते वीस पट वाफ जाते. पीबीएटी व पिठूळ यांच्या मिश्रणाचीही हीच गत आहे.

प्राणवायूच्या बाबतीत मात्र चित्र उलटे आहे. साधे पॉलिथिन प्राणवायूला व सुगंधी तेलांना फारसे अडवीत नाही. पातळ पिशवीत ठेवलेल्या ओव्याचा वास साऱ्या कपाटात पसरतो, तो याच कारणाने. पीएलए प्राणवायूला व गंधाला पॉलिथिनपेक्षा बराच अधिक अडवितो. म्हणजे एका गुणात उणी असलेली फिल्म दुसऱ्या गुणात सरस असू शकते. 'चांगली पिशवी' असे काही नसते. अमुक द्रव्यासाठी, अमुक ऋतूत, अमुक काळापुरती चांगली पिशवी, असेच म्हणावे लागते.

लवणभास्करात सामुद्र, सौवर्चल, बिड व सैंधव ही लवणे आहेत. भोवतालच्या हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठसुद्धा हवेतील पाणी ओढून पाझरू लागते. इतर क्षारांचा अंश असलेले मीठ त्याआधीच ओलावते. आपला जिल्हा अवर्षणप्रवण खरा, पण श्रावण-भाद्रपदात पत्र्याच्या घरात, चुलीशेजारच्या फळीवर ठेवलेल्या पाकिटाला ही आर्द्रता सहज मिळते. दिवसा ओलावलेले मीठ ऊन पडले की सुकते आणि कण एकमेकांना चिकटतात. असे दोनचार वेळा झाले की खडा तयार होतो. सितोपलादीतील खडीसाखर, गुग्गुळाचे कल्प व क्षार यांच्या बाबतीतही हीच भीती आहे.

येथे सवीर्यतावधीचा प्रश्न येतो. शार्ङ्गधराने चूर्णाची सवीर्यतावधी दोन मास सांगितली आहे. आजच्या कारखान्यातील चूर्णाच्या डबीवर याहून पुष्कळ लांबची मुदत छापलेली असते. ती मुदत त्या डबीसह, तिच्या झाकणासह व आतल्या सीलसह धरलेली असते. आपण डबी फोडून चूर्ण दुसऱ्या पाकिटात भरले की डबीवरची तारीख त्या पाकिटाला लागू पडत नाही. पुष्कळ औषधालयांत, आमच्याकडेही, ही गोष्ट ध्यानात घेतली जात नव्हती. त्या वृद्ध रुग्णाने आठ दिवस औषध सोडले, दोन वेळा एस.टी.चे भाडे भरले, आणि मुख्य म्हणजे औषधावरचा त्यांचा विश्वास डळमळला. याची भरपाई पाकीट बदलून देऊन होत नाही.

दोषाचा गुण : सीताफळाचे उदाहरण

जो दोष चूर्णाला नडला, तोच अन्यत्र गुण ठरू शकतो. बीडच्या सीताफळास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बालाघाटाच्या माळरानावर पिकणारे हे फळ चवीला उत्तम, पण टिकण्यास अत्यंत नाजूक. तोडल्यानंतर चारपाच दिवसांत ते पिकून मऊ होते. शीतगृहात फार कमी तापमानाला ठेवले तर साल काळी पडते व गर नीट पिकत नाही. त्यामुळे दसरा-दिवाळीच्या सुमारास डोंगरातून टोपल्या भरून आलेला माल पडेल त्या भावाने विकावा लागतो.

फळ तोडल्यावरही श्वसन करीत राहते. ते प्राणवायू घेते, कर्बवायू, पाण्याची वाफ व इथिलीन सोडते. हे इथिलीनच त्याला पिकविते. पॉलिथिनच्या बंद पिशवीत वाफ कोंडून आतून थेंब जमतात, सालीवर बुरशी येते. हवा कोंडली की फळाला आंबूस वास येतो. अशा ठिकाणी थोडी वाफ बाहेर जाऊ देणारी, योग्य छिद्रे पाडलेली जैवविघटनशील फिल्म पॉलिथिनपेक्षा सोयीची ठरू शकते. तिच्यात दालचिनी किंवा ओव्याच्या तेलाचा अंश असल्यास देठाजवळच्या बुरशीला आळा बसण्याची शक्यता असते, आणि सोबत इथिलीन शोषणारी पुडी ठेवता येते. फळाचा मुक्काम पिशवीत थोड्या दिवसांचा असल्याने ती वर्षभर टिकण्याची गरजही नाही. अंबाजोगाई येथे कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र आहे; फळ व फिल्म यांची जोडी जुळविण्याचे काम अशा ठिकाणी बागायतदारांच्या सहभागाने व्हावे, असे आम्हांस वाटते.

चरकाने कल्पस्थानाच्या प्रथमाध्यायात औषधिद्रव्यांच्या साठवणीचे जे वर्णन केले आहे, ते या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखे आहे. द्रव्याला अनुरूप गुणांचे भांडे असावे. कोठीचे दार पूर्वेस वा उत्तरेस असावे. अग्नी, पाणी, वाफारा, धूर, धूळ, उंदीर व चतुष्पाद यांचा उपद्रव पोहोचू नये. भांडी नीट झाकून शिंक्यावर टांगावीत, असे तेथे सांगितले आहे. पाण्यासोबत वाफाऱ्याचाही स्वतंत्र निर्देश आहे, हे विशेष. आम्ही पाण्याचा विचार केला, वाफाऱ्याचा केला नाही.

नैसर्गिक म्हणजे निर्दोष नव्हे

सीताफळाचेच उदाहरण पुढे नेऊ. त्याचा गर तृप्तिकर, पण त्याच झाडाच्या बियांची पूड उवा मारण्यासाठी केसांना लावताना डोळ्यांत गेली तर बुबुळाला इजा होते, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. द्रव्य वनस्पतिज आहे एवढ्याने ते अन्नाला लागू द्यावे, असे ठरत नाही. अंश, मात्रा व मार्ग पाहिलाच पाहिजे.

अन्न सुरक्षा व मानके (वेष्टन) विनियम २०१८ नुसार प्लास्टिक वेष्टनातून अन्नात उतरणाऱ्या एकूण द्रव्यांची मर्यादा प्रतिकिलो ६० मिलिग्रॅम किंवा वेष्टनाच्या प्रति चौरस डेसिमीटर पृष्ठभागास १० मिलिग्रॅम अशी आहे. याच विनियमांनी अन्न गुंडाळण्यासाठी वर्तमानपत्राच्या वापरास मनाई केली आहे. औषधाची पुडी जुन्या वर्तमानपत्रात बांधण्याची सवय अद्याप ज्यांची असेल, त्यांनी ती आता सोडावी. छपाईची शाई हेही औषधात उतरणारे द्रव्यच आहे. युरोपीय संघाचा २००९ चा नियम क्रमांक ४५० सक्रिय वेष्टनांसाठी आहे. त्याचे तत्त्व सोपे आहे : वेष्टनातून मुद्दाम सोडले जाणारे द्रव्य अन्नात थेट घालण्यास मान्य असलेले असावे, आणि ग्राहकाची दिशाभूल होऊ नये.

आणखी एक गोष्ट. कायटोसान बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून येते. ते बुरशीपासूनही मिळविता येते, पण पाकिटावर हे लिहिलेले असेलच असे नाही. आपल्याकडे माळकरी व जैन रुग्ण मोठ्या संख्येने येतात. त्यांना देण्याच्या वेष्टनात काय आहे हे विचारून घेणे आपले कर्तव्य आहे.

तसेच हळद-लवंगयुक्त पाकीट म्हणजे 'आयुर्वेदिक पाकीट' नव्हे. ते फार तर अन्नाचे बिघडणे लांबविते. कोणाचा व्याधी बरा करीत नाही. असा दावा करणाऱ्या मालाला आपल्या दुकानाच्या फळीवर आणि आपल्या पदवीच्या छायेत जागा देऊ नये.

औषधालयात काय करावे?

पाकीट घेण्यापूर्वी पुरवठादारास विचारावयाचे प्रश्न पुढीलप्रमाणे आहेत.

१. फिल्म कोणत्या बहुलकाची व किती मायक्रॉन जाडीची आहे?

२. 'कंपोस्टयोग्य' म्हणत असल्यास केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र आहे काय, आणि त्याचा क्रमांक व उत्पादकाचे नाव पिशवीवर छापले आहे काय? ३१ डिसेंबर २०२२ पासून हातपिशव्यांना किमान १२० मायक्रॉन जाडीची अट आहे. कंपोस्टयोग्य पिशवीला जाडीची अट नाही, पण हे प्रमाणपत्र अनिवार्य आहे.

३. अन्नसंपर्कासाठी तिची परीक्षा झाली आहे काय?

४. कोणते वनस्पतिद्रव्य, किती प्रमाणात व कोणत्या पद्धतीने घातले आहे?

५. वाफेचे पारगमन किती? त्याचा आकडा, तापमान व आर्द्रतेसह, कागदावर द्यावा.

पाचव्या प्रश्नाचे उत्तर न मिळाल्यास एक सोपी परीक्षा आपल्या काट्यावर करता येते. आम्ही ती आता प्रत्येक नव्या पाकिटासाठी करतो. झाकण घट्ट बसणारा मोठा डबा घ्यावा. तळाशी एका वाटीत भरपूर मीठ घेऊन ते पूर्ण विरघळणार नाही इतकेच पाणी घालावे. अशा संपृक्त द्रावणावरील बंद हवेची आर्द्रता सुमारे ७५ टक्के राहते, म्हणजे आपला पावसाळाच. मग चांगली सुकविलेली सिलिका जेल सारख्या वजनाने तीन ठिकाणी भरावी : नवे पाकीट, सध्याचे पाकीट व घट्ट झाकणाची काचेची बरणी. तिन्ही डब्यात ठेवून दररोज ठराविक वेळी वजन करावे. ज्याचे वजन जितके झपाट्याने वाढेल, तितकी वाफ त्यातून आत शिरते आहे. बरणीचे वजन जवळजवळ स्थिर राहते. पाकिटाचा फरक तीनचार दिवसांतच डोळ्यांपुढे येतो. सिलिका जेल तृप्त झाल्यावर वजन वाढत नाही, म्हणून पहिल्या काही दिवसांचीच नोंद ग्राह्य धरावी.

या अनुभवावरून आम्ही पुढील रीत ठेवली आहे. लवणयुक्त, क्षारयुक्त व शर्करायुक्त चूर्णे आणि गुग्गुळकल्प बरणीत किंवा अ‍ॅल्युमिनियम पापुद्र्याच्या पाकिटातच द्यावयाचे. हे पाकीट कुजत नाही, हे मान्य. म्हणून काचेच्या बरणीवर भर. रुग्णाने रिकामी बरणी परत आणली की ती धुऊन, पूर्ण वाळवून त्याच रुग्णाच्या त्याच औषधासाठी वापरावयाची. क्वाथाची भरड, त्रिफळा यांसारखी तुलनेने कोरडी द्रव्ये कोरड्या ऋतूत, आठवडाभराच्या मात्रेपुरती, परीक्षा केलेल्या साध्या कंपोस्टयोग्य पाकिटात चालतात. सुगंधी द्रव्य घातलेली फिल्म मात्र औषधासाठी घ्यावयाची नाही. प्रत्येक पाकिटावर भरल्याची तारीख लिहावयाची, आणि पावसाळ्यात एका वेळी पंधरा दिवसांहून अधिक औषध पाकिटात द्यावयाचे नाही.

राज्याच्या २०१८ च्या अधिसूचनेत औषधांच्या वेष्टनाला सूट दिलेली आहे. ती सूट औषध सुरक्षित राहावे म्हणून आहे. आपण वापरीत असलेल्या प्रत्येक पातळ पिशवीला ती ढाल करू नये. उलट पर्यावरणाच्या ओढीने परीक्षा न केलेल्या पाकिटात औषध भरून रुग्णाला खडा देणे, हेही योग्य नव्हे. दोन्ही बाजूंनी विचार करून भाजन निवडणे हा औषधनिर्मितीचाच भाग आहे. औषध वैद्याच्या हातून सुटल्यापासून रुग्णाच्या मुखात जाईपर्यंत त्याची राखण पाकीटच करते.

ते वृद्ध गृहस्थ अजूनही येतात. येताना काचेची बरणी धुऊन, कोरड्या फडक्यात गुंडाळून आणतात. ज्या व्यवसायबंधूंनी वर दिलेली परीक्षा आपल्याकडील पाकिटांवर केली असेल वा करतील, त्यांनी पाकिटाचा प्रकार, ऋतू व नोंदलेली वजने पुढील अंकासाठी अवश्य कळवावीत. डोंगरपट्टा, गोदाकाठ व शहर येथील हवा भिन्न आहे. तिन्ही ठिकाणच्या नोंदी एकत्र आल्या तर जिल्ह्यातील औषधालयांना उपयोगी असा तक्ता तयार होईल.